यरुशलेमला न गेलेले पाय

कैरोपासून दूर, मल्लवी गावातल्या आमच्या मोहल्ल्यात तेवीस वर्षं मला कोणी नावाने हाक मारली नाही. नाव बिसादा, धंदा सुताराचा. पण भाजीवाल्यापासून ते अबूनांपर्यंत, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपर्यंत, सगळे मला ‘मुकद्दस’च म्हणायचे. यरुशलेमची यात्रा करून, प्रभूच्या कबरीला हात लावून आलेल्या माणसाला आमच्यात मुकद्दस म्हणतात. ही पदवी मेल्यावरही सुटत नाही. थडग्यावर नावाच्या आधी कोरतात.

मी यरुशलेमला गेलेलोच नाही.

आता हे एका ओळीत लिहून मोकळा झालो. तोंडाने सांगायला मात्र तेवीस वर्षं लागली, आणि त्या तेवीस वर्षांत मी एवढ्या थापा मारल्या की त्यांतल्या काही मलाच खऱ्या वाटायला लागल्या होत्या.

झालं असं. माझी आई कापड विकायची. डोक्यावर गाठोडं घेऊन ती घरोघर जायची, आणि बायका तिला थेट आत माजघरात बोलवायच्या. वडील मी लहान असतानाच गेले. त्या गाठोड्यावर आईने मला वाढवलं. हातातलं कापड कुठल्या गिरणीचं आहे, त्यात सूत किती आणि लबाडी किती, हे ती नुसतं चिमटीत धरून सांगायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कापड वाचता यायचं.

१९६६ साली तिने आपल्या बांगड्या मोडल्या आणि मला यात्रेला पाठवायचं ठरवलं. तिचे स्वतःचे गुडघे गेले होते. ती म्हणाली, “तू जा. कबरीच्या दगडाला माझाही हात लाव, आणि मला कफन घेऊन ये.” यात्रेकरू तिथून पांढरं कापड आणतात. ते कबरीच्या शिळेवर पसरायचं, अत्तर लावायचं, घरी आणून पेटीत जपून ठेवायचं आणि वेळ आली की त्यातच गुंडाळून पुरायचं. आईला दुसरं काही नको होतं.

मी निघालो तेव्हा अख्खा मोहल्ला ढोल वाजवत स्टेशनपर्यंत आला. रंगाऱ्याने आमच्या घराच्या भिंतीवर यरुशलेमचे घुमट काढले, आणि त्यांच्यासमोर हातात मेणबत्ती घेतलेला मी. माझ्या मिशा त्याने जरा जास्तच झुपकेदार काढल्या होत्या.

कैरोला पोचलो आणि देशाबाहेर जायचा परवाना मिळाला नाही. कागदात काहीतरी उणं होतं. कारकून म्हणाला, पुढच्या वर्षी या. एवढंच घडलं होतं. मी तसाच घरी आलो असतो तर लोक चार दिवस हसले असते आणि पाचव्या दिवशी विसरले असते. पण भिंतीवरच्या त्या मिशा काही माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मी कैरोतच, शुब्रा भागात, एका खोलीत राहिलो. शेजारी गत्तास नावाचा म्हातारा शिंपी होता, तो खराच मुकद्दस. रोज संध्याकाळी तो आपल्या यात्रेची गोष्ट सांगायचा. दार किती ठेंगणं आहे, आत कसं वाकून जावं लागतं, शिळा अत्तराने कशी ओली असते, मागच्या बाजूला आपल्या लोकांची इवलीशी वेदी कशी आहे. एका ठरावीक वाक्यापाशी आला की तो रडायचा. मी ती सगळी गोष्ट पाठ केली. रडण्यासकट.

आणि उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आमची माणसं सकाळपासून उपाशीपोटी चर्चमध्ये उभी राहून चारही दिशांना शंभर-शंभर नमस्कार घालत होती तेव्हा, मी सिनेमाच्या थंडगार हॉलमध्ये बसून भाकरीत गुंडाळलेलं मांस खात होतो. पडद्यावर कोण नाचत होतं ते आठवत नाही. बोटांना लागलेली चरबी मात्र अजून आठवते.

पुनरुत्थानाच्या सणानंतर, यात्रेकरू यरुशलेमहून करून आणतात तसं, एका गोंदणाऱ्याकडून मी उजव्या हातावर पुनरुत्थानाचं चित्र आणि खाली १९६६ असं गोंदवून घेतलं. बाजारातून पांढरं कापड घेतलं, वर अत्तर शिंपडलं आणि गावी आलो. पुन्हा ढोल वाजले. आईने कापड हातात घेतलं, चिमटीत धरलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “छान आहे.” घडी करून तिने ते पेटीत ठेवलं, मला जेवायला वाढलं आणि विचारलं, “बाकी काय सांगतोस?”

मी शिंप्याची गोष्ट सांगितली. तो रडायचा तिथे रडलो. अंगण भरून माणसं जमली होती, तीही रडली.

तेव्हा मनात ठरवलं होतं की पुढच्या वर्षी गुपचूप खरंच जाऊन यायचं. पण जाऊन आलेला माणूस पुन्हा कशाला निघाला, हे लोकांना काय सांगणार? बघता बघता वर्ष गेलं, युद्ध झालं आणि वाटच बंद पडली. पुढे कधीतरी उघडली, तर चर्चनेच जाऊ नका म्हणून सांगितलं. गावातले जुने मुकद्दस एकेक करून गेले आणि मी शेवटचा उरलो. चोराच्याच हातात तिजोरीची किल्ली राहावी, तसा. त्या पदवीवर मला चांगल्या घरातली बायको मिळाली, चर्चची कामं मिळाली, लग्नाच्या पंगतीत पहिलं ताट मिळालं.

फक्त आई मला कधीच मुकद्दस म्हणाली नाही. ‘बिसादा’च म्हणायची. मला वाटायचं, आई ती आईच, तिला पदव्यांचं काय कौतुक! रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की ती वाढायची, समोर बसायची आणि तेच विचारायची, “बाकी काय सांगतोस?” मी घास चावत म्हणायचो, “बाकी काही नाही.”

नऊ वर्षांनी ती गेली. तिला आंघोळ घालून तयार करायचं काम इस्तिर मावशीने केलं. मोहल्ल्यातल्या गेलेल्या बायकांचं सगळं तीच करायची, आणि आईची ती जिवाभावाची मैत्रीण. मी आत गेलो तोवर शवपेटीला खिळे ठोकून झाले होते.

“कफन घातलं ना, मावशी?” मी विचारलं.

“जे घालायचं ते घातलं,” ती म्हणाली.

मी पेटीवर हात ठेवला. आतली बाई बाजारच्या कापडात झोपली आहे आणि ते प्रभूच्या कबरीवरून आलंय या समाधानात गेली आहे, असं मनात आलं. त्या दिवसापासून मी प्रार्थना करायची सोडली. म्हणजे ओठ हलायचे. दर रविवारी प्रभुभोजनही घ्यायचो, कारण मुकद्दस गेला नाही तर लोक विचारणार. पण आत सगळं सुकून गेलं होतं. देव आहे की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. असेल तर तो मला बघतोय, एवढीच मला भीती होती.

पुढे बायको वारली, मुलगी सासरी गेली. त्या वर्षी अबूना सराबामून यांनी चर्चमध्ये सांगितलं की केनियात आपल्या मिशनचा दवाखाना उभा राहतोय, सेवेला माणसं हवीत, सुतार असेल तर सोन्याहून पिवळं. मी उठून हात वर केला. लोकांना वाटलं मुकद्दसला प्रभूचं बोलावणं आलं. मला कसलं बोलावणं! जिथे मला मुकद्दस म्हणणारं एक कुत्रं नाही अशी एखादी जागा पृथ्वीवर असेल, तर मला तिथे जायचं होतं.

सेवेच्या तयारीचा वर्ग दर शुक्रवारी भरायचा. आम्ही चौघं होतो, त्यात बावन्न वर्षांचा मी सगळ्यांत म्हातारा. शिकवायला डॉक्टर रफाईल, केनियात तीन वर्षं राहून आलेला तरुण. तो आम्हाला तिकडची भाषा शिकवायचा. पुस्तकाला किताबू. मासळीला समाकी.

“अरे, ही तर आपलीच अरबी,” मी म्हणालो, “फक्त शेपूट लावलेली.”

“मुकद्दस, तुम्ही सहा महिन्यांत उपदेश करायला लागाल,” डॉक्टर हसत म्हणाला. “आणि तिकडे तुमचीच गरज आहे. तिथली म्हातारी माणसं जास्त काही विचारत नाहीत. एकच विचारतात.”

“काय?”

“तू स्वतः पाहिलंस का? मी प्रभूच्या कबरीचं काही सांगायला लागलो की त्यांचं हेच. मी म्हणायचो, नाही बाबांनो, वाचलंय. मग ते आपसांत हसायचे. एकदा का माणूस म्हणाला, मी पाहिलंय, की त्यांचा विश्वास बसला. मग शंका नाही, उलटतपासणी नाही. तुम्ही आलात की माझी सोयच झाली.”

अबूना सराबामूनही त्या दिवशी वर्गात येऊन बसले होते.

“म्हणून तर मी पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलंय,” अबूना दाढीवरून हात फिरवत म्हणाले. “मुकद्दस बिसादा येत आहेत. ज्यांनी कबरीला हात लावला आहे. तिकडून उत्तरही आलं. लोक आत्तापासून वाट बघतायत म्हणे.”

म्हणजे मी पोचायच्या आधीच माझी थाप तिथे जाऊन बसली होती. इथल्या लोकांना मी जे सांगितलं ते त्यांच्या श्रद्धेच्या वर चढवलेलं तोरण होतं. तिथे ते पायातला पहिला दगड होणार होतं. मी वहीत ‘समाकी’ असं तीनदा लिहिलं आणि मान खाली घालून बसलो.

प्रेषितांचा उपवास सुरू झाला. प्रभूचे शिष्य जगभर सांगायला निघाले, त्याआधी त्यांनी हा उपवास केला. म्हणून सेवेला निघणाऱ्यांनी या दिवसांत मुहर्रकच्या मठाची यात्रा करावी, असं अबूनांनी ठरवलं. यरुशलेमची वाट बंद झाल्यापासून आमची माणसं मुहर्रकलाच आपलं यरुशलेम म्हणतात. बाळाला घेऊन पळून आलेले मरिया आणि योसेफ इथे सहा महिने राहिले होते.

बस खचाखच भरली होती. या उपवासात मासळी चालते, म्हणून डब्यातल्या तळलेल्या मासळीचा वास, बायकांची गाणी, आणि वरून जूनचं ऊन. इस्तिर मावशी माझ्या मागच्याच बाकावर होती. ऐंशी ओलांडलेली, पण जीभ कात्रीसारखी.

“मुऽकद्दस,” ती म्हणाली. ती नेहमी तो शब्द असाच ताणायची, मला वाटायचं दातांच्या फटीमुळे. “खिडकी लाव. धूळ येतेय. का यरुशलेमला धूळच नव्हती?”

“मावशी, गप्प बसा हो,” शेजारची बाई तिला दटावत म्हणाली. “मोठा माणूस आहे तो.”

“मोठाच आहे. त्याला मी नागडा खेळताना पाहिलाय.”

सगळी बस हसली. मीही हसलो. खिडकी लावली.

मठाच्या अंगणात जत्रा भरली होती. तंबू, चुली, नवस फेडायला आलेली माणसं. मी नळावर हात धुवायला बाही वर केली आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाईला माझ्या हातावरचं गोंदण दिसलं. तिला वाचता येत असावं. तिने तो आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम माझा हात दोन्ही हातांत धरला.

“तुम्ही मुकद्दस आहात? कबरीला लागलेला हात हा?”

तिच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. मान सावरता येत नव्हती तिला, डोळे अर्धवट मिटलेले.

“माझ्या लेकीच्या डोक्यावर ठेवा, मामा. डॉक्टरांनी हात टेकलेत. तुम्ही ठेवा.”

तेव्हाच सांगता आलं असतं. अनोळखी बाई, पुन्हा कधी भेटणार नव्हती, काय बिघडणार होतं माझं? पण मी हात ठेवला. डोळे मिटून ओठसुद्धा हलवले. मुलीचे केस घामाने ओले होते. त्या बाईने माझ्या मनगटाचं चुंबन घेतलं, डबडबलेल्या डोळ्यांनी हसली आणि हलक्या पावलांनी निघून गेली. माझ्यासारख्या माणसाच्या भरवशावर.

मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. हात नळाखाली धरून मी तो घासत सुटलो. गोंदण थोडंच जाणार होतं!

“सुतार कोण आहे तुमच्यात?” कोणीतरी ओरडलं. यात्रेकरूंच्या निवासाचं दार अडकत होतं. मी हत्यारांची पेटी घेऊन पळालो. माणसांपासून लपायला काम बरं असतं.

दारापाशी अबूना कारास नावाचे वयस्कर साधू स्टुलावर बसले होते. त्यांच्या मांडीवर रंधा होता.

“तीन वर्षं घासतंय हे,” ते म्हणाले. “म्हटलं, आज तासूनच टाकू.”

“तासू नका, अबूना. दार चांगलंय. बिजागरी खचलीय.”

“बघ, कळत नसलेल्या माणसाच्या हातात रंधा दिला की असं होतं.”

त्यांनी ओंजळीत खिळे धरले आणि मी वरची बिजागरी काढली. एक खिळा ठोकला. दुसरा मागायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

“अबूना, मला कबुली द्यायची आहे.”

“दे की. खिळे धरून ऐकता येतं.”

मी सांगितलं. आधी नाव, मग परवाना, शिंपी, सिनेमा, मांस, कफन, आई, केनियाला जायचं ठरलंय ते, आणि आत्ताची नळावरची मुलगी. मध्येच एक खिळा त्यांच्या ओंजळीतून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

“एवढी वर्षं प्रभुभोजन घेत होतास?”

“दर रविवारी. नसतं घेतलं तर लोकांनी विचारलं असतं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “आणि आफ्रिकेला कशाला चाललास?”

“तिथे मला मुकद्दस म्हणणारं कोणी नाही म्हणून.”

“म्हणजे सेवेला नाही, पळायला.”

“हो.”

“पळायला बरंच लांबचं गाव निवडलंस.” ते हसले, पण त्यात टोमणा नव्हता. मग उठून त्यांनी हातातला क्रूस माझ्या डोक्यावर ठेवला आणि क्षमेची प्रार्थना म्हटली. “पाप प्रभूने माफ केलं. ते आता तुझं नाही. पण तो शब्द लोकांच्या तोंडात आहे, बिसादा. तो मला काढता येणार नाही. तिथून तो तुलाच परत मागून घ्यावा लागेल.”

“मग ते मला पाठवणार नाहीत.”

“नसतील पाठवत.”

“मी काय करू मग?”

“मल्लवीत दारं नाहीत का?” ते म्हणाले आणि पुढचा खिळा माझ्या हातावर ठेवला.

दार लागलं. मी पायताण काढून जुन्या चर्चमध्ये गेलो. आत अंधार, थंड जमीन आणि पुरातन वेदीसमोर लोकांची दाटी. मला नेहमीची प्रार्थना आठवेना. शेवटी मी एवढंच म्हणालो, प्रभू, मी तिथे गेलो नाही. चौदा वर्षांत देवाशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. आणि ते म्हणताक्षणी मला जाणवलं की कोणीतरी ऐकतंय, बऱ्याच काळापासून ऐकायला बसलेलं आहे. मी रडलो. शिंप्याचं नव्हे, माझं स्वतःचं. लाज तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती, पण लाजेतही कोणी सोबत असू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्या मुलीसाठीही तिथेच प्रार्थना केली, या वेळी ओठ न हलवता.

म्हणजे लगेच शूर झालो असं नाही. घरी आल्यावर दोनदा अबूना सराबामूनांच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा त्यांच्या खुर्चीचा पाय दुरुस्त करून परत आलो. दोन आठवडे गेले. उपवास संपला आणि प्रेषितांचा सण उजाडला.

या सणाला आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. मोठ्या परातीत पाणी घेऊन त्यावर प्रार्थना म्हणायची, मग अबूना कमरेला पंचा बांधून, त्याचं टोक पाण्यात भिजवून लोकांच्या पायांना लावतात, प्रभूने शिष्यांच्या पायांना लावलं तसं. त्या दिवशी पहिला मान सेवेला निघणाऱ्या आम्हा चौघांचा होता. आम्हाला पुढे खुर्च्यांवर बसवलं. चर्च तुडुंब भरलेलं. सण पेत्राचा आणि पौलाचा. प्रभूला मी ओळखत नाही, असं पेत्र तीनदा खोटं बोलला आणि कोंबडा आरवला. माझ्यासाठी आरवता आरवता किती कोंबडे म्हातारे होऊन मेले, देव जाणे.

“पहिल्यांदा आपले मुकद्दस,” अबूना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. साठीचा माणूस, पाठ दुखते त्यांची. “या पायांचं काय सांगावं! जिथे प्रभू चालला तिथे हे चालून आलेत.”

त्यांनी माझी टाच हातात धरली. मी पाय मागे घेतला.

“अबूना, थांबा.”

“काय झालं? पाणी गार आहे?”

“हे पाय यरुशलेमला गेलेले नाहीत.”

त्यांना वाटलं मी नम्रपणा करतोय. ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. “मी कैरोपर्यंतच गेलो होतो. परवाना मिळाला नाही. हे गोंदण कैरोतलं आहे. जी गोष्ट तुम्हाला सांगितली ती एका शिंप्याची आहे. उत्तम शुक्रवारी मी सिनेमा बघत होतो. आईला जे कफन आणून दिलं, तेसुद्धा बाजारातलं होतं. मला मुकद्दस म्हणू नका. मी कधीच नव्हतो.”

मग पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “तेवीस वर्षं आम्ही कुणाचा हात कपाळाला लावत होतो रे मग?” दुसरा म्हणाला, “माझ्या बाप्तिस्म्याला याला बोलावलं होतं!” पळून जावंसं वाटलं, पण पायात पायताण नव्हतं आणि दार लांब होतं.

अबूना अजून तसेच खाली बसलेले होते. पंच्याचं ओलं टोक हातात, त्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. चिडले होते ते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मग म्हणाले,

“बस खाली.”

मी बसलो.

“पाय दे.”

“अबूना...”

“पाय दे, बिसादा. प्रभूने काय यात्रेला गेलेल्यांचेच धुतले होते?”

त्यांनी माझे दोन्ही पाय धुतले. हात जरा जोरातच चालत होता.

विधी संपल्यावर लोक माझ्याजवळून, नजर चुकवून बाहेर पडले. डॉक्टर रफाईल मात्र क्षणभर थांबला. “तिकडचे म्हातारे विचारतील, तू पाहिलंस का,” तो म्हणाला.

“नाही म्हणेन.”

“मग ‘नाही’ म्हणणारा मी एकटाच उरत नाही,” असं म्हणून त्याने खांद्यावर हात ठेवला.

अबूना पंचा पिळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “पत्र पुन्हा लिहावं लागेल. माझीही लाज जाणार आहे त्यात. सुतार बिसादा, एवढंच लिहितो. तेवढ्यावर बोलावलं तर जा.” मी मान हलवली. तेवढ्यावर त्यांनी बोलावलं, पण ते नंतर, शरदात.

मी तसाच खुर्चीवर बसून होतो तेव्हा इस्तिर मावशी काठी टेकत आली. तिचं घर चर्चच्या भिंतीला लागूनच. विधी संपताच घाईने जाऊन आली असावी, कारण धापा टाकत होती. काखेत एक बोचकं होतं. ते तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

“घे. चौदा वर्षं उंदरांपासून सांभाळलंय. सुटले एकदाची.”

मी गाठ सोडली. पांढरं कापड, घडीवर पिवळं पडलेलं. अत्तराचा वास कधीच उडून गेला होता. काठावर निळ्या शाईत गिरणीचा शिक्का होता, आपल्याच देशातल्या. तेवीस वर्षांपूर्वी तो माझ्या लक्षातही आला नव्हता.

“मावशी... मग आईला कशात...?”

“तिच्या निळ्या झग्यात. तिनेच सांगितलं होतं. ‘लेकाने आणलंय ते नको घालू,’ म्हणाली. ‘ते ठेव. ज्या दिवशी तो स्वतःच्या तोंडाने सांगेल, त्या दिवशी त्याला दे.’”

“तिला माहीत होतं?”

“अरे गाढवा, कापडवालीला कापड फसवायला निघाला होतास! हात लावताच ओळखलं तिने.”

मी विचारलं, “चिडली होती का?”

“चिडली? नाही रे.” मावशी शेजारच्या खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. “संध्याकाळ झाली की मला घरी हाकलायची. म्हणायची, जा तू आता, बिसादा यायची वेळ झाली. मी विचारते त्याला. आज सांगेल.”

मी ते कापड हातात धरून बसलो. पाय अजून ओले होते. रोज संध्याकाळी ताट वाढून ती समोर बसायची आणि विचारायची, बाकी काय सांगतोस? नऊ वर्षं. आणि मी घास चावत म्हणायचो, बाकी काही नाही.